असईची लढाई टेबलावर मांडली, पण तोफांचं काय करू?

नमस्कार मंडळी,

मिनिएचर वॉरगेमिंग (छोटे पुतळे मांडून टेबलावर लढाया खेळणं) करणारे इथे दोन-चार जण तरी निघतील या आशेवर धागा काढतोय. मी आणि माझा आतेभाऊ दीडेक वर्षापासून ‘ब्लॅक पावडर’ या पुस्तकातल्या नियमांनी खेळतो. आतापर्यंत नेपोलियनच्या काळातल्या लढाया खेळलो, फारसं काही अडलं नाही. गणपतीच्या सुट्टीत मात्र असई मांडली (शिंदे-भोसले विरुद्ध इंग्रज, २३ सप्टेंबर १८०३, तारीखही जवळच होती) आणि तीन डाव खेळूनही मनाला पटेना.

थोडक्यात पट असा: केळणा आणि जुई या दोन नद्यांमधली चिंचोळी जमीन. शिंद्यांचे कवायती कंपू (युरोपीय पद्धतीने शिकवलेलं पायदळ) त्यांच्या चाकरीतल्या पोलमनच्या हाताखाली केळणेच्या काठी दक्षिणेकडे तोंड करून उभे. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली समोरून न भिडता पिंपळगावच्या उताराने नदी ओलांडून पूर्वेकडून येतो. पोलमन ते बघून अख्खी फळी काटकोनात वळवतो, एक टोक केळणेवर, दुसरं असई गावावर. हे वळणं इतकं चपळ होतं की वेलस्लीला त्याची अपेक्षाच नव्हती.

आमच्या टेबलावर काय झालं? हुकूम दिला की दोन फासे टाकायचे, बेरीज सेनापतीला ठरवून दिलेल्या आकड्याइतकी किंवा कमी आली तरच पलटण हलते. पोलमनला मी ८ दिला होता. म्हणजे ३६ पैकी २६ वेळा हुकूम लागू पडायला हवा. पण एकेक पलटण वळवायची म्हटल्यावर कुठेतरी माशी शिंकतेच. तिन्ही डावांत माझी निम्मी फळी नदीकडे बघत उभी आणि इंग्रज तिच्या कुशीत. कवायती पायदळाची ही शोभा!

खरं दुखणं पुढे आहे. इंग्रजांच्या ७८वी हायलँडर आणि मद्रासच्या पलटणी शिंद्यांच्या तोफांवरून पुढे गेल्या, तेव्हा मेल्यासारखे पडून राहिलेले गोलंदाज (तोफा डागणारे) उठले आणि त्याच तोफा फिरवून त्यांनी मागून मारा केला. वेलस्लीला ७८वी परत मागे फिरवावी लागली. लढाईचा सगळा जीव या प्रसंगात आहे. आणि आम्ही काय करतो, तर हातघाईत तोफ हरली की उचलून डब्यात.

तर नियमच या लढाईला तोकडे आहेत, की मांडणीत माझं चुकलं? गोलंदाजांसाठी घरचा नियम कसा करावा? (१५ मिमीचे पुतळे, ६ बाय ४ फुटांचं टेबल. जेवणाचंच आहे, त्यामुळे डाव रात्री नऊच्या आत आटपावा लागतो.)

प्रतिसाद १
छान विषय. पोलमन एकटाच सगळ्यांना हुकूम देत होता का? तसं असेल तर दोष नियमांचा नाही. पोलमनच्या फळीतल्या सालर आणि द्युपाँ यांच्या तुकड्यांना वेगळे सेनानी द्या, आणि हुकूम पलटणीला न देता अख्ख्या ब्रिगेडला द्या. पुस्तकात ती सोय आहे. एका फाशात सगळी ब्रिगेड वळेल.

किंवा सरळ फळी वळलेलीच मांडा. वळली हे तर ठाऊकच आहे, मग त्यावर फासे कशाला?

धागाकर्ता
अरे देवा. हो, एकटाच होता. तो नियम वाचला होता, पण नेपोलियनच्या डावांत कधी गरजच पडली नाही. वळलेली फळी मात्र मांडणार नाही, पोलमन म्हणून खेळायची मजाच ती आहे.

प्रतिसाद २
तोफांबद्दल. तोफ हरली तरी टेबलावरच ठेवा, शेजारी एक कवडी ठेवून. आपल्या पाळीच्या सुरुवातीला तिच्या सहा इंचांत इंग्रजांचा लाल डगलेवाला नसेल तर एक फासा टाका. ४ किंवा जास्त आले की गोलंदाज उठले, तोंड हवं तिकडे.

धागाकर्ता
कल्पना आवडली. पण माझा आतेभाऊ पक्का बनिया आहे, दर वेळी एक पलटण राखणीला मागे ठेवेल.

प्रतिसाद २
ठेवू द्या की! त्याच्याकडे मुळात पलटणी किती? उजवीकडे इंग्रजांची ७४वी पलटण असईच्या तोफांसमोर भरकटून निम्म्याहून जास्त गारद झाली, तिथलं भोक कोण बुजवणार? शिवाय जिंकलेल्या पलटणीला थांबवायलाही हुकूम लागेल, फासे पडले नाहीत तर ती पुढेच धावेल असं करा. मग बघू त्याचा हिशेब.

प्रतिसाद ३
एक शंका. तिन्ही डाव इंग्रज जिंकले म्हणून नियम बरोबर, असं नाही ना धरलंत? खऱ्या लढाईत वेलस्लीची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. तुमच्या डावात त्याला एवढी झळ बसते का? मी नियम त्यावरून तोलेन. आणि भोसल्यांच्या घोडदळाचं काय केलंत?

धागाकर्ता
नाही बसत, आतेभाऊ तर हसत घरी जातो. घोडदळ पहिल्या डावात मोकळं सोडलं होतं, त्याने धुमाकूळ घातला. मग त्याचा आकडा ५ केला, आता ते बहुतेक वेळ उभंच असतं, खऱ्यासारखं.

रविवारी तीन सेनानी आणि कवड्या घेऊन चौथा डाव मांडतोय. कवड्या आजीच्या सारीपाटातल्या आहेत, तिला अजून सांगितलेलं नाही.