प्रति: गोळ्या सोडून नुसता योग?

‘योग सुरू केला की मानसिक त्रासावरच्या गोळ्या सोडता येतात’ हे या चर्चेत कुणीतरी मांडलेलं मत काही पटलं नाही. योगाचा उपयोग होतो, वाद नाही. पण मी मनानेच गोळ्या बंद केल्या आणि पंधरा दिवसांत झोप उडाली. आता डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन्ही सोबत चालू आहे.

शवासनाबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. सिद्धेश्वर तलावाजवळच्या वर्गात चादर अंथरून डोळे मिटले, की नको ते विचार यंत्रमागासारखे खडखडायचे. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, डोळे उघडे ठेवा, श्वास मोजत सूर्यनमस्कार घाला. सुरुवातीला तीनच जमले (एप्रिलात सकाळी सातनंतर उन्हामुळे तेही नाही, सोलापूरच ते!). अगदीच असह्य झालं तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावा, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.