स्नो बाइक किट: जॅकशाफ्टचं बेअरिंग टिकत नाही, इंजिनातून तेलही झिरपतंय

रानवाट४५०

नमस्कार मंडळी. ४५० सीसी फोर-स्ट्रोक डर्ट बाइक आहे. हिवाळ्यात स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि मागचं चाक काढून ट्रॅकचं किट चढवतो, पुढे चाकाच्या जागी स्की. किट सेकंडहँड घेतलंय, १२० इंची ट्रॅकचं.

जॅकशाफ्टचं (इंजिनची ताकद चेनने घेऊन ट्रॅककडे पोचवणारा मधला शाफ्ट) इंजिनकडून येणाऱ्या चेनच्या बाजूचं बेअरिंग टिकतच नाही. नवं टाकलं की थोडे दिवस ठीक, मग शाफ्ट हाताने हलायला लागतो आणि बेअरिंगच्या सीलमधून लाल गंजाचं पाणी बाहेर येतं. खोल बर्फात एकदम थ्रॉटल दिलं की खालून 'खाड' असा दणका बसतो, गाडी क्षणभर अडखळते. आणि पुढच्या स्प्रॉकेटमागच्या (चेनच्या दातेरी चाकामागच्या) सीलमधून तेल येतंय. सील बदललं, तरी तेच. ऑइलच्या काचेतून तेल दुधाळ दिसतं.

चांगल्या दर्जाचं बेअरिंग टाकू, की चेन आणखी ताणून बघू?

हिमरेषा

चेन आजिबात ताणू नका. आधी दणका कुठून येतोय ते ठरवा. दोनच जागा आहेत: चेन स्प्रॉकेटवरून उडी मारतेय किंवा ट्रॅक आतल्या ड्राइव्ह व्हीलवरून सटकतोय.

गाडीची मागची बाजू उचलून आधार द्या, इंजिन बंद ठेवा आणि ट्रॅक हाताने फिरवत आतली बाजू टॉर्चने बघा. रबरी दात कडेला कुरतडल्यासारखे दिसले, टनेलमध्ये (ट्रॅकवरच्या धातूच्या सांगाड्यात) काळा रबरी चुरा सापडला, तर ट्रॅक सैल आहे. ट्रॅक ठीक असेल आणि स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकून चकाकत असतील, तर चेन. माझा अंदाज ट्रॅकचा, कारण खोल बर्फात ओढ सगळ्यात जास्त ट्रॅकवरच येते. ताण किती ठेवायचा ते किटच्या मॅन्युअलप्रमाणे: ट्रॅकच्या मधोमध ठरावीक वजन टांगून खाली किती झोळ पडतो ते मोजायचं. नवा ट्रॅक सुरुवातीला ताणून सैल होतोच, म्हणून पहिल्या काही राइडनंतर पुन्हा मोजायला हवा. गरजेपेक्षा घट्टही नको. ताकद वाया जाते आणि ड्राइव्ह शाफ्टची बेअरिंगं बसतात.

स्पेसर_आणि_शिम

ट्रॅकबद्दल हिमरेषा यांनी सांगितलंय ते बरोबर. बेअरिंगबद्दल मात्र मला कळकळीने सांगायचंय, कारण या किटांवर लोक बेअरिंगमागून बेअरिंग बदलत बसतात. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. ते बेअरिंग मार खातंय. मारणारा दुसरीकडे आहे.

किट गाडीला जोडलं जातं दोनच ठिकाणी. खाली स्विंगआर्मचा बोल्ट, वर शॉकॲब्सॉर्बरच्या जागी बसणारा स्ट्रट. स्विंगआर्मच्या बोल्टावर जे स्पेसर आणि बुश येतात ते प्रत्येक मॉडेलसाठी वेगळे असतात. सेकंडहँड किटमध्ये आधीच्या गाडीचे स्पेसर तसेच राहिले असतील, तर बोल्ट पूर्ण आवळूनही टनेल आडवं हलायला जागा उरते. एरवी दिसत नाही. थ्रॉटल दिलं की चेन एकाच बाजूने जोरात खेचते, टनेल किंचित तिरकं होतं, पुढचं स्प्रॉकेट आणि जॅकशाफ्टचं स्प्रॉकेट एका रेषेत राहत नाहीत. मग चेन बाजूला रेटत धावते आणि तो सगळा आडवा भार त्या बेअरिंगवर येतो. साधं बॉल बेअरिंग मुख्यतः उभा (शाफ्टला काटकोनात येणारा) भार घ्यायला असतं, असा सततचा आडवा धक्का त्याला झेपत नाही. एकदा सील उघडलं की वितळलेलं पाणी आत जातं. तुम्हाला दिसतंय ते लाल पाणी हेच.

करायचं काय: किटचं मागचं टोक दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे जोरात ढकला, दुसऱ्या माणसाला स्विंगआर्मच्या बोल्टापाशी बोट ठेवायला सांगा. तिथे 'टिक' जाणवली तर सापडलं. त्यानंतर दोन्ही स्प्रॉकेटच्या बाजूला सरळ पट्टी लावून रेषा बघा. फरक असेल तर योग्य स्पेसर मिळवा, बारीक राहिलं ते शिमने (पातळ चकत्यांनी) भरा. बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळा.

चेन ताणायची का, याचं उत्तर: थोडी सैलच ठेवा. बर्फ चेन आणि स्प्रॉकेटच्या दातांमध्ये दाबला जाऊन कडक होतो, चेन दातांवर वर चढते आणि आपोआप घट्ट होते. गॅरेजमध्ये बरोबर वाटणारी चेन बर्फात तारेसारखी ताणलेली असते, आणि तो ताण जॅकशाफ्टबरोबर इंजिनच्या काउंटरशाफ्टवरही (पुढचं स्प्रॉकेट ज्यावर बसतं त्या शाफ्टवर) येतो. पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरमागे बर्फ कोंडत असेल तर त्याला बाहेर पडायला वाट करून द्या.

आता तेल. हे आधी बघा, इंजिनाचा प्रश्न आहे. सील नवं असूनही गळतंय म्हणजे बहुधा आतून दाब येतोय. क्रँककेसचा ब्रीदर पाइप (इंजिनाच्या आतली हवा आणि वाफ बाहेर सोडणारी नळी) खाली लोंबतोय ना? त्यातून दमट वाफ येते, उघड्या टोकाशी ती गोठते आणि बर्फाचं बूच बसतं. पिस्टन खाली आला की हवेला जायला जागा नाही, म्हणून ती सर्वात कमकुवत सीलमधून तेल ढकलते. पाइपला वर, टाकीखाली, इंजिनाच्या उबेत एक जादा छिद्र द्या किंवा पाइप छोटा करून उबदार जागी वळवा. पेट्रोलच्या टाकीचा व्हेंटही असाच गोठतो, मग गाडी पेट्रोल न मिळाल्यासारखी बंद पडते.

रानवाट४५०

बघितलं. गाडी फिरवून आणल्यावर लगेच ब्रीदर पाइप काढला, तर खालच्या टोकात करंगळीएवढा पांढरा बर्फ घट्ट बसलेला. वर छिद्र दिलंय. स्विंगआर्मच्या बोल्टापाशी टिक आहे, स्पष्ट. स्पेसर दुसऱ्या मॉडेलचेच निघाले, डावा रुंदीला कमी. ट्रॅकचे आतले दातही दोन-तीन ठिकाणी खाल्लेत. आता दुधाळ तेलाचं काय?

थंडइंजिन

दुधाळ म्हणजे तेलात पाणी मिसळलंय. आधी कूलंटची (रेडिएटरमधल्या थंड करणाऱ्या द्रवाची) पातळी बघा. ती उतरत असेल तर बहुधा वॉटर पंपाचं सील गेलंय, तेल बदलून उपयोग नाही. पातळी जागच्या जागी असेल तर इंजिन थंड चालतंय. मोटोक्रॉसच्या बहुतेक गाड्यांना थर्मोस्टॅट नसतो, बर्फात रेडिएटर गरजेपेक्षा जास्त थंड करतो, तेल तापत नाही आणि आत साचलेलं पाणी उडून जात नाही. रेडिएटरवर टेप लावून भागत नाही: खोल बर्फात चालतं, पण परतीच्या कडक रस्त्यावर तोच टेप इंजिन उकळवतो. थर्मोस्टॅट किट बसवा. तोपर्यंत तेल लवकर लवकर बदला.

आणि कडक बर्फावर जास्त वेळ चालवू नका. ट्रॅकखालच्या प्लॅस्टिक स्लाइडना सैल बर्फच वंगण आणि थंडावा देतो, तो नसला की त्या वितळून ट्रॅकच्या क्लिपांना चिकटतात.

स्पेसर_आणि_शिम

कूलंट बघून सांगा. आणि नवे स्पेसर येईपर्यंत नवं बेअरिंग टाकू नका, तेही जाईल. ते बसले की सरळ पट्टी पुन्हा लावा, आणि पहिल्या राइडनंतर स्विंगआर्मचा बोल्ट आणि स्ट्रटचे दोन्ही बोल्ट परत तपासा. नवे बुश बसताना थोडी जागा घेतात.