मामांचा मेल कारखान्यात चालतो, घरात चालत नाही

प्रेषक: संदीप (सध्या मुक्काम कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

आपल्या मंडळाच्या मेल ग्रुपवर टाकतोय, पण विषय मंडळाचा नाहीये, आधीच माफी मागतो. सुट्टीला कोल्हापुरात आलोय आणि आल्या दिवसापासून मामांनी मला कॉम्प्युटरवाला करून टाकलंय. मामांची शिरोली एमआयडीसीत छोटी फाउंड्री आहे, ऑफिसात स्वतःचा मेल सर्व्हर, एका पोरानं काही वर्षांमागं लिनक्सवर पोस्टफिक्स (मेल घेणारं-पाठवणारं) आणि डव्हकॉट (आलेली मेल वाचायला देणारं) टाकून दिलेला, आता तो पुण्याला गेलाय आणि फोन उचलत नाही. मामांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, राजारामपुरीतल्या घरातनं दीड महिना हलायचं नाही म्हणून सांगितलंय, आणि गिऱ्हाइकांची ड्रॉइंग, शेड्यूलं सगळी मेलवर. लॅपटॉप घरी आणला तर आउटलुक उघडतं पण सर्व्हर सापडत नाही म्हणतं. मामा दर अर्ध्या तासानं, "अरं, हितं मेल उघडंना झालाय की, काल कारखान्यात तर चालत हुता." मी वायफाय बदललं, आउटलुक काढून परत टाकलं, राउटर बंद-चालू केला. आता काय करू?

---

प्रेषक: मनीषाताई

संदीप, माफी कसली, दिवाळीच्या तिकिटांच्या १४ मेलपेक्षा हे बरं.

आधी आउटलुक काढून टाकणं बंद कर. अकाउंट सेटिंगमध्ये इनकमिंग आणि आउटगोइंग सर्व्हरच्या जागी काय लिहिलंय आणि पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दारांचे नंबर, कुठले आहेत तेवढं जसंच्या तसं पाठव. एररही शब्दशः पाठव, "चालत नाही" ही एरर नसते.

---

प्रेषक: संदीप

ताई, दोन्हीकडं १९२.१६८.१.१०. इनकमिंग १४३, आउटगोइंग २५.

---

प्रेषक: मनीषाताई

मग बरोबर आहे बाबा, घरात चालेलच कसं. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरातल्या घरात वापरायचे, बाहेर रस्त्यावर त्यांना कोणी ओळखत नाही. कारखान्यात तो सर्व्हर आहे, पण मामांच्या घरी त्याच नंबरावर कदाचित त्यांचा टीव्ही बसला असेल, आउटलुक बिचारं टीव्हीकडं मेल मागतंय.

कंपनीच्या डोमेनचं मेल-बिल असं काही नाव असणार, ते वापरायचं. कारखान्यात जा, पण तिथलं वायफाय बंद करून मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप लाव, म्हणजे कारखान्यात उभा राहूनही तू बाहेरचाच. त्या नावाला एनएसलुकअप (नावाचा पत्ता विचारायची कमांड) मार, कुठला पत्ता येतो बघ, मग टेलनेट या कमांडनं त्या नावावर पोर्ट २५, १४३, ९९३, ५८७ एकेक करून ठोठावून बघ; १४३ आणि ९९३ मेल वाचायचे, २५ आणि ५८७ पाठवायचे. लगेच "रिफ्यूज्ड" आलं तर मशीनपर्यंत पोचलास, पण त्या दारामागं कोणी बसलेलं नाही. बराच वेळ थांबून "टाइम्ड आउट" आलं तर वाटेत फायरवॉल गिळतोय किंवा राउटरला पुढं कुठं द्यायचं ते माहीतच नाही. दोन्ही आजार वेगळे, औषधं वेगळी.

---

प्रेषक: अरविंदकाका

हे सगळं कशाला? व्हीपीएन टाक, म्हणजे घरातनं कारखान्याच्या नेटवर्कपर्यंत खाजगी बोगदा, मेलचा एकही पोर्ट बाहेर उघडायला नको. नाहीतर सरळ क्लाउडवर जा. आजच्या काळात कारखान्यात मेल सर्व्हर ठेवतात का लोक?

---

प्रेषक: मनीषाताई

काका, व्हीपीएन सुरक्षित आहेच, नाही कोण म्हणतंय. पण दर वेळी आधी व्हीपीएन जोडा मग मेल उघडा हे मामांना कोण शिकवणार? संदीप दोन आठवड्यांनी इकडं परत येतोय, मग रात्री दोनला फोन त्यालाच.

---

प्रेषक: संदीप

जाऊन आलो, तावडे हॉटेलच्या चौकात अर्धा तास गेला ते वेगळं. नावाला कारखान्याचा स्टॅटिक आयपी (न बदलणारा बाहेरचा पत्ता) येतोय, बरोबर आहे. २५ वर लगेच उत्तर, बाकी सगळे टाइम्ड आउट.

---

प्रेषक: मनीषाताई

मग झालंच की. त्या पोरानं बाहेरून येणारी मेल घ्यायला राउटरमध्ये फक्त २५ आत सोडला, माणसांसाठी दार ठेवलंच नाही. राउटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगमध्ये (बाहेरून आलेलं आत कुठं द्यायचं ती यादी) ९९३ आणि ५८७ हे दोनच १९२.१६८.१.१० कडं वळव, आणि सर्व्हरवर ते चालू आहेत ना ते बघ, पोस्टफिक्समध्ये ५८७ कधी कधी मुद्दाम चालू करावा लागतो. १४३ बाहेर उघडू नको.

आउटलुकमध्ये इनकमिंग ९९३ एसएसएल, आउटगोइंग ५८७ स्टार्टटीएलएस, दोन्ही म्हणजे वाटेत कोणी वाचू नये म्हणून एन्क्रिप्शन. २५ वरून पाठवायचा हट्ट धरू नको, घरगुती ब्रॉडबँडवाले स्पॅममुळं बाहेर जाणारा २५ बरेचदा बंदच ठेवतात.

आणि हो, दार उघडायच्या आधी पासवर्ड बदल. उघडं दार दिसलं की काही तासांत जगभरातून कोणीतरी पासवर्ड लावून बघायला लागतं, आणि मामांचा पासवर्ड काय असेल ते मी इथं बसून सांगू शकते.

---

प्रेषक: संदीप

ताई, पासवर्ड कंपनीचं नाव आणि १२३ होता 😀 बदलला, सारखा चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्याला बाहेर ठेवणारं फेल२बॅन पण टाकलं.

मेल यायला लागली! मामांनी ४१ मेल एका दमात वाचल्या. पण उत्तर पाठवलं की ५५४ ५.७.१ रिले ॲक्सेस डिनाइड. आणि अजून एक गंमत, तोच लॅपटॉप अकाउंटंट कारखान्यात घेऊन गेले तर तिथं आता चालेना! उलटंच झालं की ओ.

---

प्रेषक: मनीषाताई

दोन्ही मला अपेक्षित होतं, तरी सांगायला विसरले, चूक माझी.

रिले: कारखान्याच्या आतल्या नेटवर्कला पोस्टफिक्स घरचा माणूस समजतं, त्यामुळं लॉगिन न करताही पाठवू देतं. बाहेरून आल्यावर तू परका, लॉगिनशिवाय दुसऱ्याची मेल पुढं ढकलणार नाही, आणि ढकलू नयेच. आउटलुकच्या मोअर सेटिंग्जमध्ये आउटगोइंग सर्व्हरला ऑथेंटिकेशन लागतं अशी टिक आहे, ती मार.

कारखान्यातलं: आतल्या लॅपटॉपनं नाव विचारलं, त्याला बाहेरचा आयपी मिळाला, म्हणून तो स्वतःच्याच राउटरला बाहेरून वळसा घालून आत यायला बघतोय, आणि बरेच राउटर हे करू देत नाहीत. राउटरमध्ये हेअरपिन नॅट किंवा नॅट लूपबॅक असं असेल तर चालू कर. नसेल तर आतल्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणारी डिरेक्टरी) त्याच नावाला १९२.१६८.१.१० लाव, म्हणजे आत विचारलं की आतला पत्ता, बाहेर विचारलं की बाहेरचा. परत आकडा टाकून भागवू नको, सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट नावावर असतं, आकडा टाकलास की रोज वॉर्निंग येणार आणि लोक न वाचता येस दाबायला शिकणार.

---

प्रेषक: अरविंदकाका

म्हणून म्हणत होतो व्हीपीएन.

---

प्रेषक: संदीप

काका 🙏 राउटर जुना, लूपबॅक नव्हताच, डीएनएसवाला मार्ग घेतला. लॅपटॉप आता दोन्हीकडं एकाच सेटिंगवर चालतोय, पाठवायलाही जमतंय.

फक्त काल रात्री परत फोन, "आता तर 'रिफ्यूज' म्हणतंय." मी घाबरलो, बघतो तर मामांनी मोबाईलवर अकाउंट घालताना कॅप्स लॉक लावून पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला आणि फेल२बॅननं घरचा आयपीच दहा मिनिटं बाहेर ठेवला. मामींनी तेवढ्यात चहा टाकला, चहा संपेपर्यंत चालू.

ताई, मामा विचारतायत तुम्हाला भडंग पाठवायचं का, आणि तिखट की मध्यम?

---

प्रेषक: मनीषाताई

दोन किलो. तिखट. काकांना मध्यम.