जॉर्ज रॉजर्स क्लार्कचे युद्धखर्चाचे हिशेब का मिटले नाहीत?

प्रश्न (सनावळी)
अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात व्हर्जिनिया राज्याचा सेनाधिकारी क्लार्क याने ब्रिटिशांच्या ताब्यातले इलिनॉयमधले कास्कास्किया ४ जुलै १७७८ ला आणि पुढच्या फेब्रुवारीत व्हिन्सेन्सचा किल्ला घेतला. मोहीम व्हर्जिनियाची, हुकूम गव्हर्नर पॅट्रिक हेन्री यांचा. मग कर्ज क्लार्कच्या डोक्यावर कसे बसले? त्याने पावत्या हरवल्या म्हणून, असे सरसकट लिहिलेले आढळते. हे खरे का?

उत्तर १ (हुंडीवाला)
आधी आगाऊ रक्कम पाहा. त्याला मिळाले १,२०० पौंड, तेही घसरत्या कागदी नोटांत. एवढ्यावर पलटण फार दिवस पोसता येत नाही. पुढची खरेदी उधारीवर झाली. इलिनॉयमधल्या फ्रेंच व्यापाऱ्यांना या नोटांचा अनुभव नव्हता, त्यांनी सुरुवातीला त्या चांदीच्या भावाने घेतल्या. उरलेल्या मालासाठी क्लार्कने न्यू ऑर्लिन्सच्या ऑलिव्हर पोलॉकवर हुंड्या काढल्या. पोलॉक व्हर्जिनियाचा अडत्या. त्याने स्वतः कर्ज काढून त्या भागवल्या, पण राज्याकडून पैसा येईना, तेव्हा हुंड्या न वटता परत फिरू लागल्या.

कळीचा मुद्दा इथेच आहे. हुंडी परत आली की धनको ती काढणाऱ्याला धरतो. ‘राज्यातर्फे’ असे स्पष्ट न लिहिता नुसती सही केली असेल, तर घेणेकऱ्याच्या दृष्टीने देणे सही करणाऱ्याचे.

उत्तर २ (जमाखर्च)
लेखापरीक्षक प्रत्येक कागदाला तीन गोष्टी विचारतो : खर्चाचा अधिकार कुणी दिला, माल कुणाच्या हाती पडला, आणि रक्कम कोणत्या चलनात? तिसऱ्यावरच बहुतेक गाडी अडायची.

समजा, एका पावतीवर ४,००० डॉलर लिहिले आहेत. ते चांदीचे असतील तर ४,०००च. कागदी असतील, आणि मार्च १७८० मध्ये काँग्रेसने (अमेरिकी राज्यांच्या मध्यवर्ती सभेने) ठरवलेला ४० ला १ हा दर लावला, तर उरतात १००! पावतीवर फक्त ‘डॉलर’ लिहिलेले. व्यापारी म्हणणार चांदी, सरकार म्हणणार कागद. छावणीत घाईने खरडलेल्या चिठ्ठीवर हा खुलासा कोण करणार?

उत्तर ३ (सनावळी)
पण १७८४ मध्ये व्हर्जिनियाने ओहायो नदीच्या वायव्येचा मुलूख काँग्रेसला दिला, तेव्हा मोहिमेचा वाजवी खर्च भरून देण्याची अट होती ना?

उत्तर ४ (जमाखर्च)
होती. पण ती भरपाई राज्याला मिळायची होती, क्लार्कला नव्हे. राज्याने त्याचा खर्च आधी मान्य केला तरच तो त्या हिशेबात येणार. त्याच करारात त्याच्यासाठी आणि त्याच्या सैनिकांसाठी दीड लाख एकर जमीन राखून ठेवली होती. त्यातून त्याच्या वाट्याला सुमारे ८,००० एकर आले. जमीन नावावर ठेवली की घेणेकरी जप्ती आणणार, म्हणून त्याला ती नातेवाइकांच्या नावे करावी लागली. १८१२ मध्ये व्हर्जिनियाने वर्षाला ४०० डॉलरचे पेन्शन दिले, तेव्हा तो पक्षाघाताने खचलेला, एक पाय कापलेला होता. १८१८ मध्ये तो गेला. हा सरळसरळ अन्याय होता.

उत्तर ५ (जुने दप्तर)
‘पावत्या हरवल्या’ हे विधान कृपया कुणी पुढे नेऊ नये. त्याने त्या व्हर्जिनियाच्या राजधानीत, रिचमंडला, रीतसर सादर केल्या होत्या. १९१३ मध्ये तिथल्याच सरकारी लेखा कार्यालयाच्या इमारतीत त्याचे गठ्ठे सापडले, हजारो कागद. आज ते व्हर्जिनियाच्या राज्य ग्रंथालयात आहेत. अभ्यास करायचा तर एकेक पावती सुटी वाचू नका. तारीख, माल, घेणाऱ्याची सही आणि त्या महिन्याचा नोटांचा भाव शेजारी मांडा.

देणे किती, हे सरकारला ठरवता येत नव्हते असेही नाही. व्हिन्सेन्सचा व्यापारी फ्रान्सिस व्हिगो याच्याकडे क्लार्कने पोलॉकवर काढलेली सुमारे ८,६०० डॉलरची हुंडी होती. तीही वटली नाही आणि १८३६ मध्ये व्हिगो वारला. वारसांनी खटला सुप्रीम कोर्टापर्यंत नेला आणि १८७६ मध्ये मुद्दल-व्याज मिळून सुमारे ४९,९०० डॉलर त्यांच्या हाती आले.