'आपण' आणि 'आम्ही': आपल्याकडे म्हणजे नक्की कोणाकडे?

परवा लेक म्हणाली, "आई, आम्ही रात्री सराफ्यात जाऊया का?" (सातवीत आहे, घरी मराठी, बाकी सगळं हिंदी. सराफा म्हणजे आमच्या इंदुरातला रात्रीचा खाऊबाजार.) मी म्हटलं जा की, कोण कोण चाललंय? तर ती फुगून बसली, कारण तिला मलाच घेऊन जायचं होतं. 'हम'चं सरळ 'आम्ही' केलं होतं बाईंनी. हसले, पण डोक्यात किडा वळवळत राहिला. 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर, 'आपण' म्हटलं की आत, हे मराठीत तोंड उघडताच ठरवावं लागतं. मग जिच्या चार पिढ्या इंदुरात रामबागेत गेल्या तिनं 'आपल्याकडे' म्हणायचं ते कुठलं?

मागे पुण्याला मामीच्या ओट्याशी पोहे परतत होते, मामी नारळ खवत होती, मी बोलता बोलता म्हटलं, आपल्याकडे पोह्यांवर शेव आणि जीरावन (वरून भुरभुरायचा मसाला) लागतंच. मामी मान वर न करता म्हणाली, "आपल्याकडे नाही गं, तुमच्याकडे." तिच्या मनात काही नव्हतं हो, पण लागलं. आणि इथे शेजारच्या आंटी गुढी बघून म्हणतात, "आप लोगों में ऐसा होता है ना." होळकरांची राजधानी 1818 ला इंदुरात आली, तरी अजून आप लोगच!

प्रतिसाद 1
ताई, व्युत्पत्ती बघा, गंमत आहे. संस्कृत आत्मन्, प्राकृतात अप्पण, त्याचं आपलं 'आपण'. हिंदीतले आप आणि अपना त्याच घरातले. मूळ अर्थ 'स्वतः', जो 'आपणहून सांगितलं' मधे अजून शिल्लक आहे. मग 'आपण बसा' मधे तो समोरच्याला गेला, 'आपण जाऊ' मधे दोघांना, आणि आपला इंदुरी भिया (म्हणजे भाऊ) "अपन तो चले" म्हणतो तेव्हा पुष्कळदा एकटा तोच चाललेला असतो. तेलुगूत मनमु-मेमु, तमिळमधे नाम-नांगळ असाच भेद आहे आणि मराठीत तो द्राविडी शेजारामुळे आला असं बरेच भाषाशास्त्रज्ञ मानतात.

प्रतिसाद 2
व्युत्पत्ती ठीक, पण त्यावरून मराठी माणूस आतलं-बाहेरचं जास्त करतो वगैरे निघणार असेल तर मला पटत नाही. हिंदीवाल्याला काय कळत नाही समोरचा धरलाय की वगळलाय? तोही "हम दोनों", "हम लोग" म्हणून सांगतोच की. भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसननं 1959 मधे हेच मांडलं होतं, भाषा-भाषांमधला फरक काय सांगता येतं यात नसतो, काय सांगावंच लागतं यात असतो. मराठीत तुम्हाला गुळमुळीत राहता येत नाही इतकंच. मामी हिंदीत बोलत असती तर 'हमारे यहाँ' मधे तुम्ही आत की बाहेर ते झाकून गेलं असतं.

प्रतिसाद 3
बडोद्याहून लिहितोय. आमच्या गुजरातीत पण अमे आणि आपणे वेगळे, त्यामुळे आमची पोरं ही चूक करत नाहीत (इंदूरकरांनी रागावू नये). पण जुनी गुजराती माणसं आम्हाला 'दक्षिणी' म्हणायची, आणि 2018 ला साहित्य संमेलन इथे झालं तेव्हा आलेले पाहुणे कौतुकानं म्हणाले, "वा, इथे आपल्याकडचीच माणसं भेटली!" अहो आम्ही बडोद्याचेच, तुमच्याकडचे कुठून झालो? संमेलन 1934 ला पण इथेच होतं. गंमत म्हणजे हे आम्ही घरी आल्यावर बोललो, तिथे गोड वाटलं होतं.

मूळ लेखिका
दादा, ते गोड वाटणं अगदी कळलं. प्रतिसाद 2 वाल्या काकांचं पण पटतंय, हिंदी असती तर झाकलं असतं, पण मग मला इतका विचारही करावा लागला नसता.

ताजी बातमी, काल मामीचा फोन होता, "दिवाळीला येशील तेव्हा आपलं ते जीरावन आण गं, मामांना आवडलं." मी दोन मिनिटं खूश. मग आठवलं, "मी आपलं सहज विचारलं" मधे पण 'आपलं' असतंच. तेव्हा मामीचं हे आपलं सर्वनाम की नुसतं पादपूरक (भरीचा शब्द), ते जाणकारांनी सांगा.