ऑटोक्लेव्हच्या गेजवर १५ पौंड दिसतात, तरी बाटलीतलं तापमान १२० अंशांच्या खालीच. गेज चुकतंय का?

वाळूज_मायक्रो
क्यूसीच्या (गुणवत्ता तपासणीच्या) मायक्रो लॅबमधला उभा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र), प्रेशरवर चालणारा. एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) "१५ पौंड, १५ मिनिटं" आहे, म्हणजे १२१ अंश धरून. सोयाबीन कॅसीन अगारच्या (जंतू वाढवायच्या माध्यमाच्या) ५०० मिलीच्या बाटल्या लावतो. बाटलीत डेटा लॉगर टाकला, तर प्रेशर १५ वर स्थिर असूनही तापमान ११९.८ ला अडकलं. त्याच लोडमधली बायोलॉजिकल इंडिकेटरची (चिवट स्पोअर्स भरलेली चाचणी-कुपी) एक अँप्यूल पिवळी झाली, म्हणजे त्यात स्पोअर जिवंत राहिले; बाकीच्या जांभळ्याच राहिल्या. गेज आणि लॉगर दोन्हींचं कॅलिब्रेशन चालू मुदतीतलं आहे. वेळ २० मिनिटं केली तर भागेल का? आणि ऑडिटला एफ-नॉट (मिळालेली उष्णता १२१.१ अंशांच्या किती मिनिटांइतकी, तो आकडा) विचारतात, तो कसा मांडायचा?

स्टीमटेबल
गेज बरोबर आहे आणि लॉगरही. गेज फक्त बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त दाब आहे ते दाखवतं. वाफेचं तापमान मात्र एकूण दाबावर ठरतं. १२१ अंशांच्या संपृक्त वाफेला एकूण २.०५ बार लागतात. मुंबईत हवेचेच १.०१ बार असतात, म्हणून गेजवर १.०४, म्हणजे १५ पौंड पुरतात. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५६८ मीटर उंचावर. इथे हवेचा दाब ०.९५ बारच्या आसपास. १५ पौंडांचे १.०३ आणि हे ०.९५, बेरीज १.९८. स्टीम टेबलमध्ये (वाफेचा दाब आणि तापमान यांच्या तक्त्यात) १.९८ समोर १२० च्या किंचित खालचा आकडा आहे. तोच तुम्हाला मिळालाय.

आपल्याकडे गेजवर १.१० बार, म्हणजे १६ पौंड पाहिजेत. नांदेड बरंच खाली आहे, तिथे फरक कमी पडतो. १५ पौंडांचा आकडा किनारपट्टीचा आहे आणि तो एसओपीत जसाच्या तसा उतरवला जातो, हे मराठवाड्यातल्या लॅबनी खरंच मनावर घ्यायला हवं.

एफनॉट_१५
एफ-नॉटचं गणित असं: तापमानातून १२१.१ वजा करा, १० ने भागा, येईल तो १० चा घातांक. दर मिनिटाची अशी किंमत काढून बेरीज करा. त्यातले भागणारे १० म्हणजे झेड-व्हॅल्यू, म्हणजे इतके अंश वाढले की स्पोअर्स दहापट वेगाने मरतात. ११९.८ ला एका मिनिटाची किंमत ०.७४, म्हणून १५ मिनिटांचा एफ-नॉट ११.१. चढतानाची मिनिटं धरली तरी फार पडत नाही; ११० ला एक मिनिट म्हणजे जेमतेम ०.०८.

आता अँप्यूल. त्यात जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जीवाणूचे १० लाख स्पोअर्स (उष्णतेला चिवट बीजाणू) असतात. डी-व्हॅल्यू (स्पोअर्स एक दशांशावर यायला लागणारी मिनिटं) लॉटच्या सर्टिफिकेटवर बघा. समजा १.७ मिनिटं आहे, तर ११.१ मध्ये साडेसहा लॉग (एक लॉग म्हणजे दहापट) कमी होतात आणि अँप्यूलमागे सरासरी ०.३ स्पोअर उरतो. म्हणजे चारांत एखादी पिवळी होणारच. एफ-नॉट १५ झाला तर ही शक्यता हजारात एक-दोनवर येते. तेव्हा "एकच पिवळी आहे, दूषित झाली असेल" म्हणून ती बाजूला टाकू नका.

२० मिनिटांनी एफ-नॉट १४.८ होईल. आकडा जुळतो, पण १२१ चा दावा कागदावर खोटाच राहतो.

वाळूज_मायक्रो
समजलं, धन्यवाद. मग सरळ १६ पौंडांवर लावू?

क्यूए_शेंद्रा
थांबा, आधी आत हवा अडकत नाही ना ते तपासा. एक लॉगर बाटलीत, दुसरा बाटल्यांच्या फटीत तळाशी. दोन्हीकडे स्थिर तापमान सारखं आणि स्टीम टेबलशी जुळतं असेल तर कारण फक्त उंचीचं. फटीतला दोन-तीन अंश खाली असेल तर हवा आहे. निम्मी हवा आत राहिली तर १५ पौंडांवरही तापमान ११२ च्या आसपासच राहतं आणि प्रेशर वाढवून ते झाकलं जातं.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा ठेवून तापवा. आधी फुरफुरत, पाण्याचे थेंब उडवत वाफ येते. ती सलग, एका सुरात येऊ लागली की आणखी पाच मिनिटं जाऊ द्या, मग बंद करा. बाटल्या दोन तृतीयांशच भरा, झाकणं पाव फेरा सैल, बास्केट ठासून भरू नका. बोअरचं पाणी आत अजिबात नको: एलिमेंटवर क्षार धरतात, तापायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ अगार शिजत राहतो. डीएम (क्षार काढलेलं) पाणी वापरा.

१६ ला जाण्याआधी सेफ्टी व्हॉल्व्ह किती पौंडांना उडतो ते प्लेटवर बघा. काहींचा सेटिंग इतका जवळ असतो की व्हॉल्व्ह मध्येच उडतो, प्रेशर पडतं आणि बाटल्या उकळून बाहेर येतात. वेळ मोजायची ती बाटलीतला प्रोब १२१ ला पोचल्यापासून. ५०० मिली अगार चेंबरच्या बराच मागे असतो.

हे सगळं चेंज कंट्रोलमधून (बदलाच्या लेखी मंजुरीतून) करा, पिवळ्या अँप्यूलचं डेव्हिएशन (चुकीची नोंद आणि चौकशी) वेगळं उघडा. नव्या सायकलच्या प्रत्येक लोड पॅटर्नला (बाटल्यांच्या मांडणीला) अगारचा पीएच बघा, २५ अंशांना ७.३ अधिक-उणे ०.२. ग्रोथ प्रमोशनला (अगारवर जंतू नीट वाढतात का या चाचणीला) १०० पेक्षा जास्त सीएफयू (वसाहत करू शकणारे जंतू) टाकू नका, आणि संख्या आधीच्या पास झालेल्या लॉटच्या निम्मे ते दुप्पट यांत यायला हवी. रंग गडद आणि जेल लिबलिबीत आला तर समजा उष्णता जास्त झालीय. मग वेळ कमी करू नका, बाटली लहान घ्या. २५० मिली लवकर तापते.