मदत हवी आहे: चार्जिंग पोर्ट पुढे बरा की मागे?

मंडळी, इलेक्ट्रिक गाडी घ्यायची आहे, पण पोर्टच्या जागेवर गाडं अडलंय. निसान लीफच्या आधीच्या मॉडेल्सचा पोर्ट पुढे नाकावर, टेस्लाचा मागे डावीकडे. नाकावरचा मला सोयीचा वाटतो. गाडी सरळ आत घाला, केबल कुठल्याही बाजूने पोचते. पण समोरून हलकी धडक बसली तर आधी तोच जाणार ना? शिवाय चिखल, धूळ आहेच. मागे असला तर दरवेळी रिव्हर्स घेणं आलं, आणि फास्ट चार्जरच्या केबल जाड, बऱ्याचदा आखूडही. पोर्ट उलट बाजूला पडला की दोन गाड्यांची जागा अडते. (रस्त्याकडेला गाडी लावणाऱ्यांचं दुखणं आणखी वेगळं!) पुढे पोर्ट असलेली गाडी रोज वापरणाऱ्यांनी सांगा, पावसात झाकणाचा किंवा नंतर दुरुस्तीचा त्रास झालाय का?